नर्सबाईंची विहीर

सोनबाने माझ्या टेबलावर बाटली ठेवली तेव्हा मी एका माणसाच्या दंडावर स्पिरिटचा बोळा चोळत होते. माणूस चांगला मिशीवाला, नव्या कारखान्यात भट्टीपुढे उभा राहणारा, पण सुई दिसल्याबरोबर त्याचा चेहरा पिळून टाकलेल्या फडक्यासारखा झाला होता. बाटली खोकल्याच्या औषधाची, जुनी, बुचाच्या जागी चिंधी कोंबलेली. मला वाटलं, लघवी तपासायला आणली असेल. माणसं तशी आणतात आणि काही न बोलता समोर ठेवतात, जशी काही मी तिची वाटच बघत होते. मी मान वर न करता म्हटलं, "तिकडे खिडकीत ठेवा." त्यावर तो म्हणाला, "खिडकीत नको, नर्सबाय. पिऊन बगा." मिशीवाला दुखणं विसरून हसला. मी वर पाहिलं. शेवरीकोंडचा सोनबा. महाडच्या दवाखान्यातल्या या खोलीत, पंख्याखाली, तो मला अगदी चुकीच्या जागी ठेवलेल्या वस्तूसारखा वाटला. डोंगरातली माणसं डोंगरातच राहतील आणि आपल्याला पुन्हा दिसणार नाहीत, असं मी का धरून चालले होते कोण जाणे.

पोलादपूरच्या पुढे रस्ता संपतो, तिथून चढून गेलं की शेवरीकोंड लागतं. तिथल्या उपकेंद्रावर माझी नेमणूक आहे. 'होती' म्हणायला हवं, पण सरकारी भाषेत ती अजून 'आहे'. वर्षभर मी तिथे राहिले, त्याला आता काही वर्षं झाली. मग आमच्या साहेबांनी मला महाडात कामाला ठेवून घेतलं. साहेबांना हाताखाली माणूस हवं होतं, मला तिथून सुटायचं होतं, आणि कागदावर शेवरीकोंडला नर्स होतीच. सगळ्यांची सोय झाली, शेवरीकोंड सोडून. हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं निराळं आणि समोर येऊन उभं राहणं निराळं. सोनबा उभाच होता. बस म्हटलं तरी बसला नाही. "थोरल्या सुनंचं कळलं आसंल तुमाला," तो म्हणाला. मला कळलं नव्हतं. त्याने सांगितलं ते गुरं विकायची गोष्ट सांगावी तशा आवाजात. गेल्या पावसाळ्यात तिचे दिवस भरत आले होते. झटके यायला लागले. अंगात आलं म्हणून आधी अंगारा लावला, मग डोलीत घातली, म्हणजे बांबूला घोंगडी बांधून तीत निजवली आणि खांद्यावर घेऊन निघाले. खाली ओढ्याला पाणी आलं होतं. ते उतरायची वाट बघत बसले. "थितंच गेली," सोनबा म्हणाला. "पलीकडनं एष्टी जाताना दिसत व्हती. आता धाकल्या सुनंला, तुळजाला, आठवा लागलाय."

मी विचारलं, तिच्या पायांना सूज आहे का. तो म्हणाला, बायकांचं मला काय ठावं. आणि मग एकदम मुद्द्यावर आला. "अर्ज लय केलं. हितं म्हनत, बाय तुमचीच हाय. पोलादपुरात म्हनत, कागदावर बाय तितंच हाय. मंग गावकी बसली. म्हनलं, बाय का ऱ्हात नाय त्ये आपल्याला ठावं हाय, सायबाला कशाला इचारायचं? मुंबईला गिरनीचा संप, पोरं सगळी घरला. बसून खाताय तं पहार घ्या हातात. आता पान्याची सोय झाली, नर्सबाय. आता तुमाला कुनाची वाट बगाया नको." 'का राहत नाही ते आपल्याला ठाऊक आहे.' हे वाक्य तो इतक्या सहज बोलून गेला की मला बोळा हातात धरून उभं राहावं लागलं. त्या गावात वर्षभर जी गोष्ट कोणी तोंडातून काढली नव्हती, आणि मीही नाही, ती गावकीत बसून मोठ्यानं बोलली गेली होती. मी चिंधी काढली आणि पाणी प्यायले. खोकल्याच्या औषधाचा गोडसर वास होता, त्याच्या आत पाणी. सोनबाने मी गिळेपर्यंत माझ्या गळ्याकडे पाहिलं. मग हसला. त्याला दात कमी आहेत. हसला की तो लहान मुलासारखा दिसतो, आणि मला अशा माणसांचा राग धरून ठेवता येत नाही.

दिवसभर ती चव तोंडातून गेली नाही. मला माझ्या बापाची आठवण येत होती. माझे वडील भिकाजी, त्यांना मिसरूड फुटायचं होतं तेव्हा ते चवदार तळ्यावर गेले होते, मोठ्यांच्या मागे मागे, आणि ओंजळीने पाणी प्यायले होते. लहानपणी मी त्यांना सारखी विचारायची, कसं लागलं पाणी? माझी अपेक्षा अमृताची. ते म्हणायचे, "पाण्यासारखं." पुढे काही नाही. दर मार्चमध्ये ते आम्हाला तळ्यावर नेत, गर्दीत खांद्यावर बसवत, आणि परतताना भेळ घेऊन देत. त्या माणसाची मी मुलगी. शिकले, नर्सिंगचा कोर्स केला, पांढरी साडी नेसले, आणि नोकरीच्या पहिल्या गावात विहिरीच्या कट्ट्याखाली रिकामी कळशी घेऊन उभी राहिले. कोणी म्हणालं नव्हतं, उभी राहा. पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा ठमाबाई, म्हणजे सोनबाची बायको, हसत पुढे आली आणि म्हणाली, "तुमी कशाला तरास घेता, नर्सबाय? आमी वततो की." आणि वरून माझ्या कळशीत पाणी ओतलं. पाय भिजले. किती अगत्य, असं मला क्षणभर वाटलंसुद्धा. मग रोज तेच अगत्य. कोणी बाई आली की ओतायची, आली नाही की मी उभी. ओतताना बोलायची, चेष्टा करायची, पोराचं काय, नवऱ्याचं काय विचारायची, आणि कळशीला पोहरा लागणार नाही याची काळजी घ्यायची.

आणि गंमत म्हणजे याच ठमाबाईबरोबर मी किती बाळंतपणं केली. ती गावची सुईण. मी आले म्हणून तिने तोंड वाकडं केलं नाही, उलट बरोबरीनं बसली. बाई कळा देत असली की एका बाजूने तिचा हात, दुसऱ्या बाजूने माझा, कधी हातावर हात. घामाने, रक्ताने सगळे हात सारखेच. तेव्हा शिवाशिव कुठे जायची, याचा मी पुष्कळ विचार केला आहे, आणि मला जे सुचलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. बाळंतपणात घराला विटाळ असतोच. माझा विटाळ त्यात खपून जायचा. दहा-बारा दिवसांनी सगळं एकदम धुऊन निघालं की त्यांचा हिशेब पुरा. म्हणजे कुणी मरायला टेकलं असताना मी घरातली होते आणि सगळं नीट झालं की परकी. नर्स म्हणून यात तक्रार करण्यासारखं काय आहे, असं मी स्वतःला विचारायची. काम तर होत होतं.

मी निघाले ती भांडून नाही. एका दुपारची गोष्ट. चैत्र होता, सगळा गाव झोपलेला. सुया उकळायला पाणी नव्हतं. विहिरीवर कोणी नाही. पोहरा कट्ट्यावर, दोर गुंडाळलेला, हात लांब केला तर लागेल असा. मी हात लांब केला. आणि तो मध्येच थांबला. कुणी बघत नव्हतं, कुणी अडवत नव्हतं. माझाच हात, माझ्याच खांद्याला लागलेला, आणि तो पुढे जाईना. चिंचेवर एक कावळा होता, तो माझ्याकडे मान वाकडी करून बघत होता. मी कळशी घेऊन परत आले आणि खोलीत बसून इतकी रडले की नंतर हसू आलं. बापाला मी काय सांगणार होते? त्यांच्या हाताला जे जमलं ते माझ्या हाताला का जमू नये? ते तेव्हा हयात होते, पण मी सांगितलं नाही. साहेबांना मात्र म्हटलं, मला खाली घ्या. त्यांनी कारण विचारलं नाही. त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

आम्ही महाडजवळ बिरवाडीत राहतो, भाड्याच्या खोलीत. दाराशी नळ आहे. सकाळी पाणी येतं, कधी त्याला कारखान्याचा उग्र वास येतो, पण तोटी माझी मी फिरवते. माझे मिस्टर, सहदेव, कारखान्यात पाळीला जातात. संध्याकाळी मी त्यांना सोनबाचं सगळं सांगितलं. ते बुटाच्या नाड्या सोडवत होते. म्हणाले, "त्यांना नर्स हवी आहे. जानकी नको आहे." असं एखादं वाक्य टाकून द्यायची त्यांना सवय आहे. मी म्हटलं, "नर्स आणि जानकी निराळ्या कशा करायच्या?" ते म्हणाले, "ते त्यांना चांगलं जमतं." मी भाकरी थापत राहिले. खरं तर मला राग आला होता, पण त्यांचा नव्हे. माझ्या डोक्यात डोलीतली ती थोरली सून होती. तिचं नावही मला आठवत नव्हतं. मी तिथे असते तर? हा प्रश्न फसवा आहे हे मला कळतं. मी असते तर कदाचित वाढलेला रक्तदाब आधीच लक्षात आला असता, कदाचित नसता. पण खोलीला कुलूप असतं तिथे 'कदाचित'ही नसतं. मी म्हटलं, "रविवारी नुसतं बघून येते." सहदेव म्हणाले, "नुसतं बघायला जाणारी माणसं पिशवी भरत नाहीत." कारण मी तोवर रक्तदाबाचं यंत्र पिशवीत घातलं होतं.

चढ तसाच होता, मी जाड झाले होते. वैशाखात तिकडे डोंगर भाजलेल्या रंगाचे होतात. वाटेत बायका भेटल्या, हंडे घेऊन दरीत उतरणाऱ्या. उन्हाळ्यात गावची विहीर तळाला जाते, मग खालच्या झऱ्यावर जायचं आणि हंडा डोक्यावर घेऊन तेवढंच चढायचं. मला आश्चर्य वाटलं. पाण्याची सोय झाली म्हणाला ना? एकीला विचारलं, तर ती म्हणाली, "झाली की. तुमची झाली." आणि हसली, अगदी मनापासून. मला अजून कळलं नव्हतं. कळायला पाहिजे होतं. माणूस ज्या गोष्टीची आस धरून असतो ती ऐकायला त्याचे कान फार उतावीळ असतात.

उपकेंद्र गावाच्या टोकाला आहे, सोनबाच्या घराच्या पलीकडे. भिंतींना चुना दिलेला होता, दार नवं. आणि अंगणात विहीर. नवी, घडीव दगडाची, कट्टा बांधलेला, कट्ट्यावर कोरा दोर आणि चकचकीत पोहरा. रहाटाला झेंडूची माळ. गिरणीतून आलेली तरुण माणसं ओळीने उभी होती, संपामुळे घरी आलेली, हातांना घट्टे पडलेली. सोनबा नारळ घेऊन पुढे झाला. "फोडा, नर्सबाय. तुमची हीर. हिला गावात कोन हात लावनार नाय. आमी तसा ठरावच केलाय. कुनाची वाट बगाया नको, कुनाचा तरास नको." मी खाली पाहिलं. पाणी होतं, काळं, थंड, पुष्कळ. एका माणसाला सात जन्म पुरेल इतकं. कातळ फोडला होता त्याच्या पहारीच्या खुणा कडेनं दिसत होत्या. इतक्या लोकांनी इतके दिवस खपून, रक्ताचं पाणी करून, मला वेगळं ठेवण्याची व्यवस्था केली होती. आणि प्रेमानं केली होती. ते माझ्याकडे अशा चेहऱ्यांनी बघत होते की शिवी देता येईना आणि आभारही मानता येईनात. नर्स हवी, जानकी नको, हे सहदेवांचं वाक्य मला आठवलं. मला बापाची आठवण आली नाही, आणली नाही. मी एवढंच विचारलं, "आणि त्या बायका दरीत का उतरतायत?" सोनबाला प्रश्नच समजला नाही. "गावची हीर आटली न्हवं," तो म्हणाला.

तेवढ्यात तुळजा वर आली. धाकटी सून, आठव्या महिन्यातली, डोक्यावर हंडा, तोंड लाल. मी तिचे पाय पाहिले. पैंजण मांसात रुतले होते. मी पुढे होऊन तिचा हंडा उतरवला आणि तिला तिथेच कट्ट्यावर बसवलं. कुणीतरी म्हणालं, अगो, कट्ट्यावर नको, पण मी ऐकलं नाही. डोकं दुखतं का? दुखतं. डोळ्यांपुढे चमकतं? चमकतं, कधी कधी. पट्टा बांधून दाब घेतला. पारा उतरू लागला आणि जिथे आवाज यायला नको तिथे यायला लागला. मी पुन्हा घेतला. तोच. सोनबा माझ्या तोंडाकडे बघत होता. मी त्याला खरं ते सांगितलं. "तुमच्या थोरलीला जे झालं त्याची ही सुरुवात आहे. अंगात येण्याचा काही संबंध नाही. हिने आता पडून राहायचं, मीठ कमी करायचं, मी रोज दाब बघणार. वाढला तर पाऊस लागायच्या आधी हिला खाली न्यायचं, ओढा भरायची वाट बघायची नाही. दरीत उतरायचं तर अजिबात नाही." "नाय उतरनार," सोनबा घाईने म्हणाला. "म्हंजे तुमी ऱ्हानार?" मी म्हटलं, "राहते. पण ही विहीर एकटीची असेल तर नाही. गाव हिचं पाणी भरेल, मी त्याच दोराने भरेन. नाहीतर बुजवून टाका आणि दगड ओढ्याकाठी डोलीवाल्यांना बसायला ठेवा."

गिरणीतला एक जण पुटपुटला, "मुंबईला येका नळावर भरतोच की समदी," आणि त्याच्या बापाने बघितल्यावर गप्प झाला. सोनबाच्या हातात नारळ तसाच. मला वाटलं, बिचारा. त्याला मी आवडत होते, त्याला सून जगायला हवी होती, आणि त्याचे हात दोन्हीकडून बांधलेले. मग मी दोराला हात घातला. या वेळी हात थांबला नाही. का थांबला नाही ते सांगता येत नाही. बहुधा रागाने. पोहरा ओढला, तुळजाच्या हंड्यातलं झऱ्याचं गढूळ पाणी झाडाच्या बुंध्याला ओतलं आणि हंडा भरला. डोक्यावर घेतला. जड होता, मानेत कळ आली. तुळजाला म्हटलं, चल. आणि सोनबाच्या घराच्या दारात जाऊन उभी राहिले.

उंबऱ्यात ठमाबाई. केस पिकले होते. मी वर्षभर त्या घराच्या पडवीत बसले होते, बाळंतपणाला आतल्या खोलीत गेले होते, पण स्वयंपाकघराची पायरी मी कधी चढले नव्हते. तिला सगळं ऐकू आलेलं असणार. "काकी," मी म्हटलं, "पाणी कुठे ठेवू?" तिच्या डोळ्यांत राग नव्हता. भीती होती, म्हाताऱ्या माणसाला असते तशी, की आपण गेल्यावर वर कोण काय विचारील. "नर्सबाय," ती हळू म्हणाली, "तुमी लय चांगल्या हाव. पर घरात देव हाय गो." तिने पहिल्यांदाच मला गो म्हटलं. मी म्हटलं, "देव थोरलीच्या वेळी पण होता." हे मी बोलायला नको होतं. तिचं तोंड वाकडं झालं, तिने पदर तोंडात धरला. मला तिची दया आली आणि तरी मी हंडा उतरवला नाही. मानेतून घाम पाठीवर जात होता. आम्ही दोघी, एकमेकींचे हात रक्तात धरलेल्या, उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या होतो, आणि तिने बाजूला व्हावं यापलीकडे मला जगात काही नको होतं. ती 'नाही' म्हणाली असती तर मी खाली गेले असते. मग तुळजाचं काय, हा विचार मी त्या वेळी बाजूला सारला होता. ते मला भयंकर वाटतं, पण तसं होतं.

तुळजाला आमच्या विचारांशी काही देणंघेणं नव्हतं. ती उन्हातून चढून आली होती. ती माझ्या शेजारी आली, म्हणाली, "वाकवा वाईच," आणि मी काय ते समजून खाली बसले. तिने पडवीतला तांब्या हंड्यात बुडवला आणि उभ्याउभ्याच प्यायली. घटाघट, गळ्यावरून ओघळ जाऊ देत. पुन्हा बुडवला, पुन्हा प्यायली. मग तोंड पुसून सासूला म्हणाली, "आत्ये, गार हाय. झऱ्याच्या पान्यात किडं हायत." सासूने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या पोटाकडे. पोटात जे होतं तेही आता ते पाणी प्यायलं होतं. मग ठमाबाई उंबऱ्यातून बाजूला झाली. "चुलीपाशी ठेवा," ती म्हणाली. "सांभाळून. तितं वलं हाय."

मी हंडा ठेवून बाहेर आले तोवर तिने कोपऱ्यातली कळशी उचलली होती. पडवीच्या तोंडाशी सोनबा उभा होता, नारळ घेऊन, आणि त्याच्या मागे सगळे पुरुष. ती त्याला म्हणाली, "सरा बाजूला. पान्याला जातंय." तो सरला. मी तुळजाला घोंगडीवर डाव्या कुशीवर निजवलं. तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला. नळ्या कानात घातल्या की बाहेरचं काही ऐकू येत नाही, म्हणून मी त्या हातातच धरून बसले. पोहरा पाण्यावर आपटल्याचा आवाज आला, मग घातल्या.